विक्रीपूर्व दुरुस्तीच्या नावाखाली ओल झाकून दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
घरदुरुस्ती व विक्रीपूर्व सजावट सेवा

विषय : नौपाडा, ठाणे येथील सदनिकेतील सदोष दुरुस्ती, तसेच खरेदीदारापासून दोष लपवण्याचा आपल्या प्रतिनिधीने दिलेला सल्ला

महोदय,

आपल्या ग्राहकसेवा विभागाशी आज दुपारी झालेले संभाषण "मॅडम, तुमची तक्रार आमच्याकडे क्लोज झालेली दिसतेय" या वाक्यावर संपले. ज्या भिंतीतून आजही पाणी झिरपते आहे, तिच्याविषयीची तक्रार कोणी आणि कशाच्या आधारे बंद केली, हे सांगण्यास आपल्याकडील एकही व्यक्ती तयार नाही. त्यामुळे फोनवरील बोलणे मी येथेच थांबवत आहे.

घर विकण्यापूर्वीची संपूर्ण तयारी करून देण्यासाठी मी आपल्या कंपनीला जीएसटीसह ३,४०,००० रुपये दिले आहेत. कामाचा क्रम आपल्याच अंदाजपत्रकात स्पष्ट लिहिलेला आहे : प्रथम हॉलच्या पश्चिमेकडील भिंतीची ओल थांबवणे, न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग आणि बाल्कनीच्या छताची दुरुस्ती, त्यानंतर रंगकाम आणि सर्वांत शेवटी सजावट व छायाचित्रे. आमची इमारत १९८४ची आहे. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर तीन वर्षांनी करून घ्यावे, असे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये म्हटले आहे. आमच्या संस्थेने ते करून घेतलेले आहे आणि त्या अहवालाची प्रत मी आपल्या प्रकल्प समन्वयकांच्या हाती पहिल्याच भेटीत दिली होती. पश्चिमेकडील बाह्य गिलाव्याला पडलेल्या भेगा आणि बाल्कनीच्या स्लॅबमधील गंजलेल्या सळया या दोन्हींचा उल्लेख त्या अहवालात आहे. म्हणजेच काय बिघडले आहे हे शोधून काढण्याचे कष्टही आपणास घ्यावयाचे नव्हते. मी आपली निवड केली ती आपल्या माहितीपत्रकातील "आधी निदान, मग दुरुस्ती" या वचनामुळे आणि माझ्या नणंदेच्या डोंबिवलीच्या घराचे काम आपण काही वर्षांपूर्वी उत्तम केले होते त्यामुळे. ते काम आजही टिकून आहे, म्हणूनच माझी निराशा अधिक आहे.

ठाण्यात नैऋत्येकडून येणारा पाऊस जून ते सप्टेंबर पश्चिमेच्या भिंतींना अक्षरशः झोडपतो. बाहेरच्या भेगांतून आणि खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटींतून पाणी विटांच्या बांधकामात शिरते, आत येताना सिमेंटमधील व विटांमधील क्षार विरघळवून आणते, आणि आतल्या पृष्ठभागावर पाणी सुकले की ते क्षार पांढरे फुलून येतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागणे म्हणतो. अशा भिंतीवर आतून कितीही भारी रंग लावला, तरी मागून येणारे पाणी त्याला ढकलत राहते आणि पोपडे सुटतात. हे आपल्या कंपनीला मी समजावून सांगावे, अशी वेळ यायला नको होती. उपाय बाहेरून करावयाचा होता : भेगा उघडून भरणे, चौकटीभोवतीच्या फटी बंद करणे, छज्ज्याचा वरचा भाग नीट करणे आणि भिंत पुरेशी वाळल्यावरच आतील कामाला हात घालणे. बाह्य भिंती व पावसाच्या पाण्याची गळती ही उपविधींनुसार संस्थेची जबाबदारी असल्यामुळे संस्थेच्या सचिवांनी परांची बांधण्यास परवानगी देण्याची आणि खर्चाचा वाटा उचलण्याचीही तयारी दाखवली होती. आपल्या माणसांनी त्यांची साधी भेटही घेतली नाही. त्यांनी ओल्या भिंतीवर आतून पीओपीचा (प्लास्टर ऑफ पॅरिसचा) थर दिला, जो जिप्समचा असल्यामुळे पाणी लागताच मऊ पडतो. त्यावर पीव्हीसीचे पॅनेल ठोकले, आणि त्या पॅनेलपुढे सजावटीच्या नावाखाली भाड्याचे सहा फुटी कपाट उभे केले.

न्हाणीघरातही हाच प्रकार झाला. जुन्या फरशा काढून खालचा कोबा तपासणे, पाणी जेथून निचरते त्या न्हाणी ट्रॅपभोवतीचा सांधा पक्का करणे, वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर काही उंचीपर्यंत वळवून घेणे आणि मग ४८ तास पाणी साठवून चाचणी घेणे, हे सर्व अंदाजपत्रकात आहे. प्रत्यक्षात जुन्या फरशीवरच नवी फरशी चिकटवली गेली. पाणी साठवण्याची चाचणी झालीच नाही, तरीही काम पूर्ण झाल्याच्या प्रमाणपत्रावर "चाचणी समाधानकारक" असे छापून आले. आता खालच्या मजल्यावरील कुटुंबाच्या छताला ओलीचे डाग पडले आहेत. न्हाणीघरातील अंतर्गत गळती ही सदस्याची जबाबदारी असल्यामुळे त्यांच्यासमोर उत्तर द्यायला मी उभी आहे, आपली कंपनी नव्हे.

बाल्कनीविषयी थोडक्यात लिहिते, परंतु ती बाब सर्वांत धोकादायक आहे. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच अधिक जागा व्यापतो आणि भोवतालचे काँक्रीट फोडून काढतो. सुटे काँक्रीट काढणे, सळई घासून स्वच्छ करणे, तिला गंजरोधक लेप देणे आणि पॉलिमरयुक्त मॉर्टरने ती जागा भरणे, यांतले काहीही न करता आपल्या कारागिरांनी पुट्टी भरून वर पांढरा रंग दिला. त्या छताखाली उद्या एखाद्याचे मूल खेळेल, याचा विचार कोणाच्याही मनात आला नाही, हे मला अजूनही पटत नाही.

घर स्वच्छ करून, अडगळ काढून, फिकट रंग आणि चांगले दिवे लावून खरेदीदाराला दाखवण्यात गैर काहीच नाही. आपल्या कंपनीच्या सजावटकार तरुणीने देवघराची जागा बदलण्यापूर्वी मला विचारले, जुनी शिसवी खुर्ची उजेडात आणून ठेवली आणि माझ्या स्वयंपाकघराचे रूप पालटून टाकले. तिचे काम मन लावून केलेले होते आणि तिच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. परंतु सजावटीने घराचे गुण दिसावेत, यासाठी मी पैसे मोजले होते. घराचे दोष दिसू नयेत यासाठी मी एक रुपयाही दिलेला नाही.

आता ज्या संभाषणामुळे हे पत्र थेट आपल्या नावे लिहावे लागत आहे, त्याकडे येते. मे महिन्यात एका तरुण दांपत्याने घर पसंत करून बयाणा दिला. जूनमधील पहिल्या मोठ्या पावसानंतर पॅनेलच्या खालच्या कडेतून पाण्याचा ओघळ आला आणि हॉलभर कुबट वास पसरला. मी त्याच सकाळी आपल्या प्रकल्प समन्वयकांना फोन करून सांगितले की रविवारी खरेदीदार त्यांच्या ओळखीच्या अभियंत्यासह पुन्हा येणार आहेत, तेव्हा त्यापूर्वी माणूस पाठवा. त्यावर त्यांनी काय उत्तर दिले, ते मी फोन ठेवताक्षणीच वहीत लिहून ठेवले आणि येथे जसेच्या तसे देत आहे : "मॅडम, ॲग्रीमेंट पावसाआधीच उरकून घ्यायला हवं होतं. आणि घर तुम्हाला विकायचंच आहे ना? मग दहा वर्षं टिकणारं काम तुम्हाला कशाला हवंय? ते कपाट तेवढं हलवू नका, रविवारी दिवसभर पंखा आणि उदबत्ती लावून ठेवा, कोणाला काही कळणार नाही." मी त्यांना विचारले की त्या घरात राहायला येणाऱ्या माणसांनी मग काय करायचे. ते म्हणाले, "तो त्यांचा प्रश्न आहे. पझेशन दिल्यावर कोण विचारायला येतंय?" मी वरिष्ठांशी बोलण्याची मागणी केली, तेव्हा त्यांनी घरातल्या साहेबांना फोन द्यायला सांगितले. माझ्या यजमानांचे निधन झाले आहे आणि करारावर एकटीची माझी सही आहे, हे आपल्या कागदपत्रांत पहिल्याच पानावर आहे. मी तसे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग मुलाला सांगा, या टेक्निकल गोष्टी त्यालाच कळतील." मी पस्तीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आहे. पाणी उतारावरून कोठे जाते आणि भिंतीतून आत कसे येते, हे समजण्यासाठी मला मुलाची मदत लागत नाही.

हा सल्ला अपमानास्पद आहेच, परंतु तो मला कायद्याच्या कचाट्यात ढकलणाराही आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला ठाऊक आहे, खरेदीदाराला ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याच्या लक्षात येण्यासारखा नाही, तो खरेदीदाराला सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तो न सांगणे हे कपट ठरते, असेही त्याच कलमात म्हटले आहे. विक्रीपूर्व तयारी हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांना हे कलम माहीत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. त्या रविवारी मी कपाट स्वतः बाजूला करवून घेतले, भिंत दाखवली, परीक्षणाचा अहवाल समोर ठेवला आणि बाल्कनीच्या छतात आत काय आहे तेही सांगितले. अभियंत्याने भिंतीवर आर्द्रतामापक टेकवला, त्यानंतर बोलण्यासारखे काही उरले नाही. बँकेच्या कर्जावर पहिले घर घेणाऱ्या त्या दांपत्याने व्यवहारातून माघार घेतली आणि मी त्यांचा बयाणा पूर्ण परत केला. त्यांना मी दोष देत नाही. माझ्या मुलीने असे घर घेतले असते, तर मीही तिला हाच सल्ला दिला असता.

आणखी एक गोष्ट मला त्यानंतर हमीपत्र वाचताना आढळली. वॉटरप्रूफिंगची पाच वर्षांची हमी "केवळ मूळ मालकापुरती मर्यादित असून मालकी बदलताच संपुष्टात येईल" असे त्यात मागील पानावर बारीक अक्षरांत छापले आहे. विकण्यासाठीच तयार करावयाच्या घराला अशी हमी देणे म्हणजे हमी न देणे होय. कपाट न हलवण्याचा सल्ला हा एखाद्या कर्मचाऱ्याच्या तोंडून चुकून गेलेला शब्द नव्हता, तर कंपनीने कागदावरही तोच हिशोब मांडलेला आहे, असे मला आता वाटू लागले आहे. तसे नसेल, तर आपण ते कृतीने दाखवून द्यावे.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. पॅनेल व पीओपी आपल्या खर्चाने काढून भिंत उघडी करावी आणि संस्थेच्या परवानगीने पश्चिमेकडील बाह्य दुरुस्ती करावी. पावसाळ्यात ते काम नीट होणार नसेल, तर तसे लेखी कळवून पावसाळा संपताच ते सुरू करावे, पण पुन्हा आतून लिंपून जाऊ नये. बाल्कनीच्या छताचे काम मात्र थांबू शकत नाही. त्याला ताबडतोब टेकू द्यावा आणि संरचना अभियंत्याच्या देखरेखीखाली दुरुस्ती करावी. न्हाणीघराची फरशी उखडून वॉटरप्रूफिंग नव्याने करावे, ४८ तासांची पाण्याची चाचणी संस्थेच्या प्रतिनिधीसमोर घ्यावी, कारण झाली नसलेली चाचणी "समाधानकारक" म्हणून पुन्हा छापून आलेली मला चालणार नाही, आणि खालच्या मजल्यावरील छत पूर्ववत करून द्यावे. हमीपत्र नव्या मालकाच्या नावे आपोआप लागू राहील अशा शब्दांत पुन्हा द्यावे. सदोष कामामुळे वाया गेलेले सजावटीच्या सामानाचे भाडे परत करावे. आणि दोष लपवण्याचा जो सल्ला मला दिला गेला, तो कंपनीचा सल्ला नाही, असे आपल्या सहीने लिहून द्यावे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आणि कामाचे वेळापत्रक न आल्यास, सेवेतील त्रुटी व अनुचित व्यापारी प्रथा या दोन्ही कारणांखाली मी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. आपल्या अटींमध्ये न्यायक्षेत्र दुसऱ्या शहराचे लिहिलेले असले, तरी ग्राहक जेथे राहतो तेथे तक्रार दाखल करण्याचा हक्क या अधिनियमाच्या कलम ३४ने दिलेला आहे. अंदाजपत्रक, परीक्षण अहवाल, न झालेल्या चाचणीचे प्रमाणपत्र, भिंतीची छायाचित्रे आणि फोनवरील संभाषणाची नोंद माझ्याकडे क्रमवार लावून ठेवलेली आहे. आयोगासमोर जाण्याची माझी पूर्ण तयारी आहे, तथापि तेथे जाण्यापेक्षा माझ्या घराची भिंत कोरडी होणे मला अधिक हवे आहे, आणि आपली कंपनी मनात आणल्यास ते करू शकते हे मी डोंबिवलीच्या घरात पाहिलेले आहे.

घर सध्या विक्रीसाठी दाखवणे मी थांबवले आहे. पाहणीसाठी येणाऱ्या अभियंत्याने आदल्या दिवशी लेखी कळवून सकाळी दहानंतर यावे. त्याच समन्वयकांना पुन्हा पाठवू नये.

आपली,
तक्रारदार ग्राहक
नौपाडा, ठाणे

सोबत : अंदाजपत्रक, काम पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र, हमीपत्र व संरचनात्मक परीक्षण अहवाल यांच्या प्रती