कर्तव्य कुणी कुणाला सांगायचे?

संपादक महाशय,

‘हक्क मागता, मग कर्तव्यांचे काय?’ हा प्रश्न आपल्याकडे बहुधा सत्तेच्या बाजूने विचारला जातो. पोर्तुगीज कादंबरीकार जुझे सारामागो यांनी तो नेमका उलट्या दिशेने विचारला होता, त्याकडे लक्ष वेधावेसे वाटते.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या ज्या राजवटीशी गोव्याने झुंज दिली तिच्याच छायेत वाढलेले सारामागो १९६९ मध्ये, बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले. १० डिसेंबर १९९८ रोजी ते साहित्याचे नोबेल स्वीकारून त्या सोहळ्याच्या मेजवानीत बोलायला उभे राहिले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला ५० वर्षे पूर्ण होत होती. परग्रहावरचे खडक तपासायला यंत्रे धाडणारी मानवजात उपासमारीने मरणाऱ्या लाखोंकडे निर्विकारपणे पाहते, असे सुनावून, सरकारे हे हक्क प्रत्यक्षात आणत नसल्याने नागरिकांनीच पुढाकार घ्यावा आणि हक्कांइतक्याच आग्रहाने आपली कर्तव्येही मागून घ्यावीत, असे त्यांनी सांगितले. आपल्या घटनेत मूलभूत कर्तव्ये १९७६ साली, ऐन आणीबाणीत, ४२व्या दुरुस्तीने आली, हे आठवले की सत्तेने सांगितलेली कर्तव्ये आणि नागरिकांनी स्वतः मागितलेली कर्तव्ये यांतला फरक ध्यानात येतो.

त्यांच्या २००४ सालच्या कादंबरीत (इंग्रजी अनुवाद ‘सीइंग’) एका राजधानीतले ८३ टक्के मतदार कोरी मतपत्रिका टाकतात. हा आपल्या ‘नोटा’सारखाच प्रकार म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण कादंबरीचे मर्म पुढे आहे. सरकार शहर सोडून जाते, त्याला वेढा घालते आणि लोकांना अद्दल घडावी म्हणून सफाई कामगारांना संपावर जायला लावते. तेव्हा भर दुपारी घराघरांतून बायका झाडू-बादल्या घेऊन बाहेर पडतात आणि आपापल्या दारापासून रस्त्याच्या मध्यापर्यंत झाडून काढतात; पुढे ते कामगारही घरच्या कपड्यांत कामावर येतात, कारण त्यांच्या मते संप गणवेशाचा असतो, त्यांचा नव्हे. यातले काहीही कुणाच्या हुकमावरून होत नाही.

सारामागोंची स्वतःची कारकीर्द निष्कलंक होती असे मात्र नाही. १९७५ मध्ये ते लिस्बनच्या एका मोठ्या दैनिकाचे उपमुख्य संपादक असताना तेथील मतभेद नोंदवणाऱ्या पत्रकारांना काढून टाकण्यात आले, हेही सांगायलाच हवे.

त्यांच्या नोबेल भाषणाचा धागा धरून मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या पुढाकाराने मानवी कर्तव्यांची एक सनद तयार झाली आहे. आपल्या रविवार पुरवणीत तिचा मराठी अनुवाद छापावा, आणि शाळांनी घटनेतले मूलभूत कर्तव्यांचे कलम ५१-अ पाठ करून घेताना तीही मुलांसमोर ठेवावी, ही विनंती.

— एक वाचक, रत्नागिरी