स्वारगेट–कात्रज बसमधल्या कंडक्टर ताईंना

प्रिय ताई,

संध्याकाळच्या खच्चून भरलेल्या बसमध्ये एका मुलीचा जीव घाबरा झाला, तेव्हा तिकिटाचं मशीन बाजूला ठेवून तुम्ही तिच्याजवळ बसलात. तिची परवानगी घेऊनच हे पत्र लिहितो आहोत. आम्ही समुपदेशनाचं काम करतो, त्यामुळे त्या वेळी तुम्हाला किती नेमकं सुचलं हे आम्हाला कळतं.

तुम्ही आधी विचारलंत, "दुखतंय का नुसतं धडधडतंय? हे आधी कधी झालंय?" दोनदा झालंय, ईसीजी आणि थायरॉइड दोन्ही नॉर्मल आहेत, असं ती कशीबशी बोलली. हा प्रश्न कुणी विचारतच नाही. पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणारी तीव्र भीतीची लाट, आणि हार्ट अटॅक वरून सारखेच दिसू शकतात. त्रास पहिल्यांदाच होत असेल किंवा छातीवर दाब येऊन कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, तर श्वास मोजत बसायचं नाही, थेट 108 लावायचा.

एव्हाना कुणी कांदा शोधत होतं, कुणी चप्पल हुंगवा म्हणत होतं. एकाने तोंडाला लावायला कागदी पिशवी काढली, ती तुम्ही बाजूला केलीत. फार बरं केलंत. भीतीने श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे चक्कर येते, बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. पिशवीत तोच वायू परत मिळेल, असा लोकांचा हिशोब असतो. पण माणसाला दमा असेल किंवा दुखणं हृदयाचं असेल, तर ऑक्सिजन घटून जिवावर बेतू शकतं.

आजूबाजूचे सगळे "मोठा श्वास घे" म्हणत होते. आधीच जास्त झालेल्या श्वासात त्याने भरच पडते. तुम्ही म्हणालात, "सोड बाळा, हळू सोड." चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, नाकाने, पोट हलेल असा श्वास आम्हीही शिकवतो. सोडताना लागणारा वेळ महत्त्वाचा, कारण श्वास सोडतानाच हृदयाचे ठोके मंदावतात. मग तुम्ही तिला खिडकीबाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचायला लावल्यात. छातीकडे लागलेलं लक्ष बाहेर वळलं.

पण आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटलं ते पुढचं. पद्मावतीला ती उतरायला उठली. "बस, मी आहे. उतरायचंच असेल तर थांबवते," एवढंच तुम्ही म्हणालात आणि ती बसली. अशी लाट साधारण दहा मिनिटांत टोकाला जाते आणि मग आपसूक ओसरते. टोकाला असतानाच माणूस पळाला, तर मेंदू धडा घेतो की उतरलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी बसच नको वाटते, मग गर्दी, मग घराबाहेर पडणं. भारती विद्यापीठ येईपर्यंत तिचे हात थरथरायचे थांबले होते. उतरताना तुम्ही म्हणालात, "उद्या याच बसला ये."

ती आली. आता तिची थेरपी सुरू आहे: आधी दोन थांबे, मग चार, मग अख्खा रस्ता, तोही दार गाठून उभं न राहता. 14416 हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर तिने तुमच्यासाठी एका चिठ्ठीवर लिहून ठेवलाय, पुन्हा कुणा प्रवाशाला लागला तर. दिसली की तिच्याकडून घ्या.

मनापासून आभार, ताई.

तुमचे,
पुण्यातले काही समुपदेशक