टॅरिफ नेमकं भरतो कोण?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं की, अमेरिकेने लावलेलं टॅरिफ, म्हणजे आयात मालावरचा कर, भारत सरकारला भरावं लागतं आणि तो पैसा शेवटी आपल्याच करांतून जातो. पत्र तळमळीचं होतं, म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं. निवृत्त होईपर्यंत मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातूचं ओतकाम करणाऱ्या कारखान्यात, एक्स्पोर्टची कागदपत्रं करत होते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल माझ्या टेबलावरून जायचं आणि मग कंटेनर न्हावा शेवा बंदराला रवाना व्हायचा. आमचे बहुतेक सौदे एफओबी असत. बोटीवर माल चढेपर्यंतचा खर्च आमचा; पुढचं भाडं, विमा आणि तिकडची कस्टम ड्युटी घेणाऱ्याची. शंभर डॉलरच्या कास्टिंगवर (ओतीव भागावर) 50 टक्के टॅरिफ असेल, तर ते 50 डॉलर अमेरिकेतली आयातदार कंपनी अमेरिकेच्याच कस्टम खात्यात भरते. त्यात दिल्लीचा एक पैसा नसतो.

हे बेळगावात कुणाला ठाऊक नसलं तर मी समजू शकते. पण ज्या देशात ही ड्युटी भरली जाते, तिथल्या मतदारांना ती कोण भरतं हे कळू नये, याचा मला संताप येतो. डोनाल्ड ट्रम्प सभांमधून सांगत राहिले की टॅरिफ परदेश भरतात, आणि कोट्यवधी लोकांनी ते खरं मानलं. माझा भाचा ओहायोत असतो. त्याचे शेजारी चांगले शिकलेले, स्वतःचं घर असलेले. तेही त्याला ठामपणे सांगत, पैसे चीन देतो.

2 एप्रिल 2025 रोजी ट्रम्प यांनी जाहीर केलेले देशोदेशींच्या टॅरिफचे आकडे कसे काढले होते, तेही पाहावं. एखाद्या देशाशी असलेली वस्तूव्यापारातली तूट घ्यायची, तिला त्या देशातून होणाऱ्या आयातीने भागायचं आणि उत्तर निम्मं करायचं. भारताचे 26 टक्के असे आले. आपण अमेरिकन मालावर प्रत्यक्ष किती ड्युटी लावतो, हे त्या गणितात कुठेही नव्हतं. माणसांची वस्तीच नसलेल्या हर्ड आणि मॅकडोनाल्ड बेटांवरही 10 टक्के लागले. एवढ्या मोठ्या देशाच्या व्यापाराचा निर्णय असा होतो आणि निम्मा देश टाळ्या वाजवतो!

अनुभव नव्हता असंही नाही. 2018 मध्ये अमेरिकेने आयात वॉशिंग मशीनवर टॅरिफ लावलं होतं. मशीन सुमारे 12 टक्क्यांनी महागलं, आणि ज्याच्यावर टॅरिफ नव्हतंच तो कपडे वाळवायचा ड्रायरही तितकाच महागला, कारण लोक दोन्ही जोडीने घेतात. अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा निर्माण झालेल्या एकेका नोकरीमागे ग्राहकांच्या खिशातून सुमारे 8 लाख डॉलर गेलेले निघाले. त्याच्याही आधी, 1930 मध्ये, टॅरिफ वाढवणाऱ्या स्मूट-हॉले कायद्यावर सही करू नका म्हणून एक हजारांहून अधिक अर्थतज्ज्ञांनी अध्यक्ष हूव्हर यांना विनवलं होतं. त्यांनी सही केली. इतर देशांनी उलट टॅरिफ लावलं, मंदीत आधीच आटत चाललेला व्यापार आणखी आटला. 1932 च्या निवडणुकीत हा कायदा आणणारे सिनेटर स्मूट आणि हूव्हर दोघेही हरले, पण तोवर कारखाने बंद पडायचे ते पडले होते.

लोकांना ठाऊक नसलं की राज्यकर्त्यांना काहीही करता येतं. अमेरिकेत सर्वेक्षण केलं की सरासरी उत्तर येतं, परदेशी मदतीवर केंद्राच्या खर्चाचा चौथा हिस्सा जातो. प्रत्यक्षात तो एक टक्क्याच्या आसपास. हा गैरसमज होता म्हणूनच ही मदत वाटणारी सरकारी संस्था यूएसएड बंद करताना फारसा ओरडा झाला नाही, असं माझं मत आहे. आणि ऑगस्ट 2025 मध्ये रोजगाराचे आकडे वाईट आले, तेव्हा ट्रम्प यांनी ते काढणाऱ्या खात्याच्या प्रमुखांनाच घरी पाठवलं. माझ्या दृष्टीने ही टॅरिफपेक्षाही गंभीर गोष्ट. दर उद्या वर-खाली होतील, झालेही आहेत. पण आकड्यांवरचा विश्वास एकदा गेला की तो परत कुठून आणणार?

मग आपलं काही जात नाही का? जातं, पण वेगळ्या वाटेने. 27 ऑगस्ट 2025 पासून भारताच्या बऱ्याच मालावर एकूण 50 टक्के टॅरिफ झालं. पोलादावर तर ते जूनपासूनच होतं. अशा वेळी अमेरिकन खरेदीदार फोन करतो, दर उतरवा नाहीतर पुढची ऑर्डर थांबवतो. मालक थोडा दर सोडतो. मग फेटलिंगवाल्या, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करणाऱ्या, पोरांचा ओव्हरटाइम बंद होतो, कंत्राटी माणसं कमी होतात. येळ्ळूर, मच्छे, खानापूरहून सायकल-मोटारसायकलवर शिफ्टला येणारा कामगार आणि ओहायोच्या दुकानात सुटा भाग घेणारा माणूस, हे दोघेच त्या धोरणाची किंमत मोजतात. भारत सरकार भरतं असं म्हटलं की हे दोघेही नजरेआड होतात.

आणि अमेरिकेला हसण्याआधी आपलं तेल पाहू. सप्टेंबर 2024 मध्ये आपल्या सरकारने कच्च्या खाद्यतेलावरची मूळ आयात ड्युटी शून्यावरून 20 टक्के केली. सोयाबीनला भाव मिळावा हा हेतू होता, आणि बैलहोंगलच्या शेतकऱ्याचा विचार करता मला तो पटतोही. पण त्या दिवाळीला पामतेलाचे जादा पैसे इंडोनेशियाने भरले नाहीत. ते शहापूर-वडगावच्या बायकांनी किराणा दुकानात भरले. ड्युटीमुळे तेल महागलं हे त्यांना कोणत्या पुढाऱ्याने येऊन सांगितलं? मे 2025 मध्ये ती 10 टक्क्यांवर आणली, तेव्हाही कुणी सांगितलं नाही.

म्हणून आपल्याला विनंती आहे. आयात-निर्यात करांची बातमी छापताना, मग ती वॉशिंग्टनची असो वा दिल्लीची, पैसे कुठल्या बंदरात, कोण, कोणाच्या खात्यात भरतो हे एका ओळीत छापावं. उद्यमबाग आणि मच्छेच्या फौंड्र्यांत गेल्या वर्षभरात किती शिफ्ट कमी झाल्या, हेही आपल्या वार्ताहराने दारोदार जाऊन विचारावं. सांगायला कामगार तयार आहेत.

आपली,
एक निवृत्त एक्स्पोर्ट असिस्टंट
टिळकवाडी, बेळगाव