पेटीवाल्या काकांना जाहीर थँक्यू

काका, मोबाईलवर तुम्ही काही वाचत नाही हे माहितीये, पण नातू वाचून दाखवेलच.

जळगावात पियानो शोधत फिरणारा माणूस म्हणजे येडाच, पेट्या इथे भजनी मंडळागणिक सापडतील पण पियानो कोणाकडे असणार? तुमच्या दुकानात मागे एक जुना उभा पियानो पडलाय एवढं कळलं आणि मी येऊन मागितलं काय तर त्याच्या तारांत स्क्रू घालू द्या! दुसऱ्याने हाकललं असतं भो. तुम्ही म्हणाले, आधी ऐकव.

मग मी जॉन केज या अमेरिकन संगीतकाराचं 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स' लावलं, पियानोच्या छोट्या रचना, १९४६ ते ४८ मधलं, ४५ सुरांच्या तारांत स्क्रू, बोल्ट, रबर असं काय काय अडकवलेलं. तुम्ही म्हणाले यात पियानो कुठेय, ही तर घंटा अन् डफ. बरोबरच पकडलं, कारण १९४० ला अमेरिकेत सिएटलमध्ये सिव्हिला फोर्ट या नर्तकीच्या नाचासाठी केजला तालवाद्यं हवी होती, स्टेजवर जागा नव्हती, होता फक्त पियानो, मग त्याचंच तालवाद्य केलं त्याने. पुढे अहमदाबादच्या गीता साराभाईंकडून तो आपलं संगीत शिकला आणि या सोनाटांमध्ये नवरस आणायला बघत होता हे सांगितल्यावर तुम्ही चहा मागवला, म्हणजे काम झालं.

पण खरं थँक्यू त्या तंबोऱ्यासाठी. दुरुस्तीला आलेला तंबोरा पुढे ओढून घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखालचा सुती दोरा तुम्ही जरासा सरकवला आणि मुकी तार एकदम बोलायला लागली. "तुझा अमेरिकन हेच करतोय, दोऱ्याऐवजी स्क्रू." हे मला इंटरनेटवर कुठेच सापडलं नव्हतं.

नंतर तुम्हीच पुढचं पॅनेल काढलं, लाकडी पट्टीने दोन तारा हळूच फाकवल्या, मग स्क्रू सोडला, तारेला ओरखडा नाही. खर्जाच्या तांबं गुंडाळलेल्या तारांना लोखंड लावू दिलं नाही, तिथे सायकलच्या ट्यूबचे तुकडे. उभ्या तारांतून स्क्रू निसटत होते तर त्यांनाही दोरा गुंडाळला. पियानोची पट्टी दाबली की आधी ठक, मग एक खालचा सूर आणि एक भलत्याच उंचीवरचा, दोन्ही एकाच तारेतून! डाव्या पेडलची गंमत मात्र जमली नाही, आडव्या ग्रँड पियानोत हातोडे बाजूला सरकून एका सुराच्या तीनपैकी दोनच तारांवर पडतात म्हणून आवाज बदलतो, उभ्यात ते फक्त तारांजवळ येतात. तेही तुम्हीच उघडून दाखवलं.

पैसे घेतले नाहीत, ते चालणार नाही काका. रविवारी येतो, वरच्या सप्तकाला खोडरबर लावून बघायचंय, केजनेही एका सुराला लावलं होतं. भरीत-भाकरी माझ्याकडून.