‘बापाचंच रक्त’ हा निकाल कुणी दिला?

महोदय,

आक्रमकता आणि आनुवंशिकता यांवरचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. आक्रमकता रक्तातूनच येते, असा त्याचा सूर. मथळ्यात प्रश्नचिन्ह होते, मजकुरात मात्र ते कुठेच दिसले नाही. शाळेत आयुष्यभर जीवशास्त्र शिकवल्यामुळे गप्प बसवेना.

लेखात ‘एमएओए’ जनुकाचा (मेंदूतील काही संदेशवाहक रसायने मोडणारे विकर या जनुकामुळे बनते) दाखला आहे, पण अर्धाच. १९९३ मध्ये आनुवंशशास्त्रज्ञ हान ब्रुनर यांना नेदरलँड्समधील एका कुटुंबात हे जनुक निकामी झालेले, आक्रमक वागणारे पुरुष आढळले. तो दोष अत्यंत दुर्मीळ. सर्रास आढळतो तो याच जनुकाचा मंद, म्हणजे विकर कमी बनवणारा प्रकार, आणि त्याची खरी गोष्ट न्यूझीलंडमधील डनेडिन शहराची आहे. तिथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा पाठपुरावा होत आला. मंद प्रकार असूनही घरी छळ न झालेले मुलगे इतरांहून हिंसक निघाले नाहीत, असे २००२ मध्ये मानसशास्त्रज्ञ कास्पी, मॉफिट आणि सहकाऱ्यांनी दाखवले. मंद जनुक आणि लहानपणीचा छळ, दोन्ही वाट्याला आलेले होते अभ्यासातल्या मुलग्यांपैकी १२ टक्के. हिंसक गुन्ह्यांतल्या ४४ टक्के शिक्षा त्यांच्या नावावर होत्या. (नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत हा दुवा इतका ठळक दिसला नाही, हेही छापायला हवे होते.)

जुळ्यांच्या अभ्यासांत आक्रमकतेतला आनुवंशिकतेचा वाटा निम्म्याच्या आसपास येतो. तो माणसामाणसांतल्या फरकाचा हिशेब आहे. एखाद्या मुलाचा निम्मा राग आजोबांकडून आला, असा त्याचा अर्थ नव्हे.

आठवीतल्या एका मुलाने शेजाऱ्याच्या हातात कर्कटक खुपसले, तेव्हा शिक्षकखोलीत लगेच निकाल लागला, ‘बापाचंच रक्त!’ हाच मुलगा मी फळा पुसायला डस्टर उचलले की कोपर वर करून डोके झाकायचा. बाप मारकुटा होता, हे खरेच. पण त्याने पोराला जनुके दिली तसे पट्ट्याचे वळही दिले. त्यातले कशाने काय घडले, हे शिक्षकखोलीत बसून कुणी कसे ठरवणार? वळ थांबवणे तेवढे मोठ्यांच्या हातात होते, आणि त्याबद्दल त्या दिवशी कुणी चकार शब्द काढला नाही.

लेखमालेचा पुढचा भाग येणार असल्याचे आपण म्हटले आहे. त्यात जनुकांना दिली तेवढी जागा घरातल्या मारहाणीलाही द्यावी, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका