मावशींना विचारणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव इथे घालत नाही. घातलं तर फोन करून ओरडाल, हे माहीत आहे. तोंडावर आभार मानायला गेलो तेव्हा "अहो, कामच आहे ते" म्हणत तुम्ही शिडी उचललीत आणि निघालात. म्हणून हे असं सगळ्यांच्या देखत.

आमच्या कोल्ड रूमच्या भिंतीला बाहेरून पाणी सुटत होतं. पत्र्यावर तांबूस ठिपके, सांध्याखाली ओघळ, आणि कॉम्प्रेसर बंद व्हायचं नाव घेत नव्हता. तुमच्याआधी जे आले त्यांचं काय सांगू! एकाने प्रेशर पंपाचा फवारा थेट पॅनेलच्या सांध्यात घातला आणि वर 'चकाचक झालं' म्हणून पैसे घेऊन गेला. दुसऱ्याने ठिपक्यांवर तारेचा ब्रश चालवला. या पत्र्यावरचा रंग असून असून किती, २५ मायक्रॉनच्या आसपास. वहीचा कागदसुद्धा त्याहून जाड असतो. तो खरवडून काढल्यावर खालच्या जस्ताने किती काळ तग धरायचा? तिसऱ्याने खोलीच्या आतून दिसेल त्या फटीत सिलिकॉन भरलं आणि जाता जाता 'पॅनेलं गेली तुमची, नवीन टाका' असा सल्ला फुकट दिला. एवढं करूनही पाणी थांबेना, तेव्हा मात्र सगळ्यांचं एकमत झालं: मावशी धुताना पाणी फार मारतात.

मावशींनी हे कितीदा ऐकलं असेल, कोण जाणे. उलट उत्तर देणं त्यांच्या स्वभावात नाही.

तुम्ही आलात आणि हत्यारांची पेटी उघडण्याआधी एकच विचारलंत, "ही भिंत रोज कोण पुसतं?" मावशी पुढे आल्या त्या अंग चोरूनच, पुन्हा बोलणी बसणार असं त्यांना वाटलं असणार. तुम्ही म्हणालात, "मावशी, इथे रोज तुमचा हात फिरतो. कुठे वेगळं लागतं का?"

थोडा वेळ त्या गप्पच. मग म्हणाल्या, "रॅकच्या मागे, पाइप आत जातो ना, तिथे हाताला गार लागतं. बाकी कुठे नाही. पुसून पाठ वळली की परत ओलं." कोणीतरी मध्ये बोलायला गेलं, तर तुम्ही नुसता हात वर केलात. "त्यांचं होऊ द्या." मग रॅक सरकवलात, मावशींनी दाखवलं तिथे स्वतःचा तळवा टेकवलात, बाजूच्या पॅनेलवर टेकवलात, पुन्हा तिथे. आणि त्यांच्याकडे बघून म्हणालात, "बरोबर आहे तुमचं."

दादा, पत्र खरं तर या तीन शब्दांसाठी आहे.

बाकीचं तुम्ही केलंत ते कारागिरीचं. पाइपभोवतीचं भोक बाहेरून कधी बुजवलंच नव्हतं. बाहेरची दमट हवा गारव्याच्या ओढीने तिथून आत शिरायची, आत तिचं पाणी व्हायचं आणि पफ, म्हणजे पॅनेलच्या दोन पत्र्यांमधला उष्णता अडवणारा फोम, भिजायचा. पाणी पफपेक्षा वीसपटींहून जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणजे भिजलेला पफ असून नसल्यासारखा. गारवा बाहेरच्या पत्र्यापर्यंत पोचला की पत्र्याला घाम फुटणारच, त्यात मावशींच्या बादलीचा काय संबंध? सील उबदार बाजूला लागतं, ते यांनी थंड बाजूला ठोकलं होतं. शिरलेल्या ओलीला बाहेर पडायची होती नव्हती ती वाटही बंद.

आणि ते ठिपके! तुम्ही नखाने एक टिपलात आणि तळहातावर धरून दाखवलात: ड्रिलचा कीस. पॅनेल बसवताना उडालेला, कोणी न झाडलेला, रंगावर बसून गंजलेला. ब्रशने ओरखडे पाडले तेवढेच बिघडले होते, त्यांवर तुम्ही बारीक कुंचल्याने नेमका रंग टेकवलात. राहता राहिली उरलेल्या सिलिकॉनची नळी. तिचं टोपण काढून नाकाशी धरलंत, व्हिनेगरसारखा वास आला तशी बाजूला ठेवून दिलीत. ते आम्ल जस्ताला खातं, हे तुमच्याकडूनच कळलं. किती वर्षं कोण काय काय फासत होतं, देव जाणे.

एक पॅनेल बदलावं लागेल, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. एकच. सगळी बदला म्हणाला असतात तरी आमच्यात कोणाला काय कळणार होतं? हुशार माणसं भेटतात हो. पण समोरच्याला कळत नाही हे दिसत असूनही त्याचा फायदा न घेणारी फार कमी भेटतात. आणि जिचं कोणी ऐकत नाही तिला आधी विचारणारी त्याहून कमी. याला शिक्षण लागतं असं मला तरी वाटत नाही. घरचं वळण म्हणा, नाहीतर काय म्हणायचं ते म्हणा.

आता भिंत मावशींच्या ताब्यात आहे. सौम्य साबण, मऊ फडकं. साबण खालून वर लावायचा, कारण कोरड्या पत्र्यावर ओघळ वाळले की डाग उरतात. पाणी मात्र वरून खाली सोडायचं. सांध्यावर पाइप रोखलेला कोणी दिसला तर त्या ओरडतात. चक्क ओरडतात! परवा एका साहेबांना ओरडल्या.

त्यांचा निरोप आहे: दाराच्या वरच्या पट्टीचे स्क्रू सैल झालेत, वॉशरही चिरल्यासारखा दिसतोय. सवड काढून या. आणि या खेपेला चहा न घेता जायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलंय.