स्मृतिदौड ठीक, पण शिष्यवृत्तीचा गुणाकार आधी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेलेल्या माणसाच्या नावाने दौड काढायची आणि जमलेल्या पैशातून शिष्यवृत्ती द्यायची, ही पद्धत आता चांगली रुळली आहे. हेतूबद्दल प्रश्नच नाही, हिशेबाबद्दल मात्र बोलायला हवे. ‘दरवर्षी दौड, दरवर्षी शिष्यवृत्ती’ अशी घोषणा पहिल्याच वर्षी होते आणि तीच पुढे गळ्याशी येते.

अडचण साध्या गुणाकारात आहे. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी एक नवा विद्यार्थी निवडला, तर पहिल्या वर्षी एकाची फी भरायची असते, चौथ्या वर्षी चौघांची. दौडीची गर्दी नेमकी उलट चालते. पहिल्या वर्षी दुःख ताजे असते, आप्तमित्र झाडून येतात. पुढे बदल्या, परीक्षा, लग्नकार्ये आड येतात आणि एखाद्या वर्षी ऐन दिवशी पाऊस कोसळतो. हप्ता चुकला की कॉलेज सोडायची पाळी मात्र विद्यार्थ्यावर येते.

म्हणून दौडीचे पैसे थेट वाटू नयेत, निधीत टाकावेत. इथेही ‘फक्त व्याज वाटू, मुद्दल शाबूत राहील’ हा समज फसवा आहे. मुद्दल आकड्याने तेवढेच राहते, महागाई ते आतून पोखरते. ठेवीवर ७ टक्के मिळत असतील आणि शिक्षणाचा खर्च वर्षाला ५ टक्क्यांनी वाढत असेल, तर निर्धास्तपणे खर्चायला २ टक्केच उरतात. म्हणजे वर्षाच्या एकूण वाटपाच्या साधारण ५० पट निधी हवा. तेवढा जमणार नसेल तर ‘कायमस्वरूपी’ हा शब्दच टाळावा आणि १० वर्षांची शिष्यवृत्ती जाहीर करून मुद्दलही हळूहळू संपवावे. व्याज महागाईला पुरून उरत नसले, नुसती बरोबरी करत असले, तरी वर्षाच्या वाटपाच्या १० पटीत काम भागते. यात त्या नावाला कसलाही कमीपणा नाही.

दौडीत पैसा गळतो तो टी-शर्ट, पदके आणि चिप टायमिंगमध्ये (धावणाऱ्याच्या अंगावरच्या इलेक्ट्रॉनिक चिपने प्रत्येकाची वेळ मोजण्यात). टी-शर्टची ऑर्डर नोंदणी संपण्याआधीच द्यावी लागते, त्यामुळे मापे अंदाजाने ठरतात आणि नको त्या मापाचे गठ्ठे उरतात. ५ किलोमीटरच्या स्मृतिदौडीला चिप हवीच कशाला? अंतिम रेषेवर एक मोठे घड्याळ पुरे. कर्करोगामुळे एक पाय गमावलेला कॅनडाचा टेरी फॉक्स १९८० साली कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. १९८१ पासून त्याच्या नावाने होणाऱ्या दौडीत ना प्रवेश शुल्क असते ना चढाओढ. जो तो ऐपतीप्रमाणे देणगी देतो.

काटकसर नको ती सुरक्षिततेत. रुग्णवाहिका आणि बंद पडणाऱ्या हृदयाला विजेचा झटका देणारे एईडी यंत्र हवेच. बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकपट्टीच्या, मागे नातेवाइकाचा फोन आणि चालू औषधे लिहून घ्यावीत. उष्माघाताने कोसळलेल्याला आधी बर्फाच्या पाण्यात बसवून गार करायचे असते आणि मग रुग्णालयात न्यायचे असते, म्हणून अंतिम रेषेजवळ टब हवा. शेवटच्या चालणाऱ्यामागे एक सायकलस्वार ठेवावा. श्रद्धांजलीची भाषणे दौडीनंतर घ्यावीत. आधी घेतली की सुरुवात लांबते आणि माणसे उन्हात धावतात.

निवड समितीत कुटुंबातला एकच जण असावा. ‘होतकरू’ आणि ‘गरजू’ या शब्दांवर भांडणे होतात, म्हणून उत्पन्नाची मर्यादा आणि गुण आकड्यात लिहून ठेवावेत. अर्जासोबत दिवंगत व्यक्तीवर निबंध मागण्याची टूम निघाली आहे, ती बंद व्हावी. पैशांची नड असलेल्या मुलाने परक्याच्या घरच्या दुःखावर गळा का काढावा? फी थेट संस्थेत भरावी, पुस्तके आणि प्रवासाचे पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात द्यावेत, आणि ही दोन्ही कामे फी भरण्याच्या मुदतीआधी व्हावीत. निकाल उशिरा लावला तर मुलाने तोवर कर्ज काढलेले असते.

निधीचा दस्तऐवज करतानाच आणखी एक कलम घालावे: चालवणारे थकले किंवा मुदत संपली, तर उरलेली रक्कम कोणत्या संस्थेला जाईल आणि तेव्हा शिकत असलेल्या विद्यार्थ्यांचे राहिलेले हप्ते आधी कसे बाजूला काढले जातील.

आपले,
दौड आयोजन व शिष्यवृत्ती समित्यांवरील काही कार्यकर्ते